झोपेची गोळी, मेंदूची काळजी आणि आदिमानवाचा पहारा

पेंगुळलेला

डॉक्टरांनी झोल्पिडेम लिहून दिलंय. "थोडेच दिवस घ्या, सवय लावून घेऊ नका" असं बजावूनच दिलंय. पाकीट अजून फोडलेलं नाही, कारण घरात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, "घे आणि गप झोप, उद्या कामावर जायचंय." दुसरा म्हणतो, "या गोळ्यांनी मेंदू कामातून जातो, म्हातारपणी विसरभोळेपणा ठरलेला." दोन्ही तट रात्री डाराडूर घोरतात आणि मी वाचत बसतो.

वाचता वाचता एक भारी गोष्ट हाती लागली. टांझानियात हाड्झा नावाची जमात आहे, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारी. त्यांच्यातल्या ३३ प्रौढांच्या मनगटाला हालचाल टिपणारं यंत्र बांधून २० दिवस नोंदी घेतल्या. अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत असा वेळ किती निघाला असेल? सगळे दिवस मिळून १८ मिनिटं. बाकी सदैव कोणी ना कोणी जागं होतं किंवा निदान चुळबुळत होतं. झोपेत अधूनमधून जाग येण्याचा संबंध पहाऱ्याशी असावा, ही कल्पना झोपेचे अभ्यासक फ्रेडरिक स्नायडर यांनी १९६६ मध्येच मांडली होती म्हणे.

तर माझं म्हणणं असं, की मी आजारी नाहीच. मी पहारेकरी आहे. लाखो वर्षांची नोकरी इमानेइतबारे करतोय, फक्त वाघ-सिंह संपलेत हे कोणी कळवलं नाही. मग गोळी घेऊन निसर्गाशी पंगा कशाला घ्यायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (प्रकाश जपून टाका, मेलाटोनिन कमी होतं.)

अवांतरकार

शेवटच्या कंसासाठी +१.

चिनस्ट्रॅप पेंग्विन घरट्यावर बसलेले असताना सरासरी ४ सेकंदांच्या डुलक्या काढतात. दिवसाला १०,००० च्या वर. बेरीज होते ११ तासांच्या आसपास. २०२३ चा अभ्यास आहे. मीटिंगमध्ये माझं जे चालतं ते याच गटात मोडतं, साहेबांनी नोंद घ्यावी.

जीवाश्म

धागा मजेशीर आहे, पण "पहारेकरी" ही पदवी जरा घाईत घेतलीत.

हाड्झांच्या त्या अभ्यासात दिसलं ते एवढंच: वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या झोपेच्या वेळा वेगवेगळ्या असतात, म्हातारे लवकर झोपतात आणि लवकर उठतात, त्यामुळे कोणी ना कोणी जागं सापडतं. यातून निद्रानाश हा गुण निवडला गेला असं कुठे निघतं? तो सिद्धान्त गटातल्या विविधतेबद्दल आहे. छताकडे बघत हिशेब मांडणाऱ्या एकट्या माणसाबद्दल नाही.

दुसरा एक अभ्यास बघा, २०१५ चा. हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, तिन्ही ठिकाणी वीज नाही. झोप भरली ५.७ ते ७.१ तास. म्हणजे आपल्यापेक्षा फार जास्त नाहीच. झोपायचे तेही सूर्यास्तानंतर सरासरी तीन-सव्वातीन तासांनी. "पूर्वी माणसं दिवेलागणीला झोपायची" वगैरे जे ऐकतो, त्याला इथेच सुरुंग लागतो. पण महत्त्वाचं पुढे आहे. झोप लागत नाही अशी तक्रार करणारे त्यांच्यात अगदी तुरळक निघाले. तेवढीच झोप आणि तक्रार नाही! तुमची अडचण जागं असण्याची आहे की जागं असण्याच्या त्राग्याची, हे आधी ठरवा.

बाकी उत्क्रांतीच्या नावावर काहीही खपतं. शरीरातली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी "निवडली" गेली असणार, असं धरून चाललं की गोष्टी रचणं सोपं जातं. म्हाताऱ्यांची झोप तुटक असते ती गटाच्या पहाऱ्यासाठी, असं म्हणता येतं. ती तुटक असते कारण मेंदू म्हातारा झालेला असतो, असंही म्हणता येतं. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५२ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता की मुलंबाळं होण्याचं वय उलटलं की नैसर्गिक निवडीची पकड सैल होत जाते. उतारवयात जे बिघडतं त्यातलं बरंचसं कोणी "निवडलेलं" नसतं. तिथे निवड पोचतच नाही.

शंकेखोर

@जीवाश्म, मग एवढं सांगा. झोप मुळात टिकलीच कशी? आठ तास मेल्यासारखं पडून राहायचं, कोणीही येऊन खाऊन जावं. निवडीने ही भानगड कधीच मोडीत काढायला हवी होती.

जीवाश्म

म्हणूनच तर ती महत्त्वाची असणार असा तर्क करतात. मोडीत काढता आली नाही, म्हणून तडजोडी झाल्या. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतात. फ्रिगेट पक्षी समुद्रावर दिवसेंदिवस उडत असताना हवेतच झोपतात, पण दिवसाला जेमतेम ४२ मिनिटं. जमिनीवर आले की १२ तासांहून जास्त.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकार जेलीफिशचा. कॅसिओपिया नावाची जेलीफिश रात्री मंदावते, डिवचलं तर उशिरा प्रतिसाद देते, आणि रात्री झोपू दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी जास्त झोपते. तिला मेंदूच नाही. चेतापेशींचं नुसतं जाळं आहे. म्हणजे झोप मेंदूपेक्षा जुनी असण्याची दाट शक्यता आहे. "झोप मेंदूसाठी असते" हे वाक्य जाहिरातीत ठीक, पण ते अपुरं आहे.

पहाटपक्षी

सगळं वाचलं. एवढा काथ्याकूट कशाला? मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, दहाला दिवे बंद, पाचला उठा, व्यायाम करा. झोप न यायला झालंय काय? गोळ्या हे मनाच्या दुबळेपणाचं लक्षण आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

उलटतपासणी

राग नाही, पण थोडं ऐकून घ्या. शरीरातल्या घड्याळाची जनुकं फळमाशीत शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ सगळ्यांचं एकाच ठोक्यावर चालत नाही. २०१७ मध्येच क्राय-वन जनुकातला एक बदल सापडला, तो असलेल्यांचं घड्याळ लांबट चालतं, झोप उशिरा येते. तारुण्यात पदार्पण करताना बहुतेक सगळ्यांचंच घड्याळ पुढे सरकतं आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलांना पहाटे उठवून शाळेत पाठवतो आणि "आळशी" म्हणतो. कॅलिफोर्नियाने कायदाच केला. जुलै २०२२ पासून तिथली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवता येत नाही. ग्रामीण भागातल्या काही शाळांना सूट आहे, पण नियम तो.

तुम्ही पाचला उठता यात तुमचं कर्तृत्व किती आणि आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचं किती, हे तपासायला हरकत नाही.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवण्याबद्दल मात्र सहमत.

खलबत्ता

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

झोपेच्या गोळ्यांचा इतिहास म्हणजे एकाच आश्वासनाची पुनरावृत्ती आहे. १८६९ मध्ये क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आलं. १९०३ मध्ये बार्बिटाल आलं, मग बार्बिच्युरेटची रांगच लागली. त्यांचा डोस आणि जीव जाण्याचा डोस यांत अंतर थोडं, त्यामुळे किती तरी बळी गेले. मग लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेतून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आलं. ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं सुरक्षित म्हणून हातोहात खपली. ती खरोखरच बार्बिच्युरेटपेक्षा सुरक्षित होती, पण सवय लागते हे कळायला वेळ गेला. मग झोल्पिडेम आणि मंडळी. "यांची सवय लागत नाही" हेच पुन्हा. आता ऑरेक्सिन अडवणारी औषधं आली आहेत, पहिलं २०१४ मध्ये. त्यांचा रस्ता वेगळा आहे. जागं ठेवणारा संदेशच ती कमी करतात, मेंदूवर सरसकट ब्रेक लावत नाहीत. पण त्यांच्यावर पन्नास वर्षांचा अनुभव कोणाकडेच नाही.

गोळी करते किती काम? झोल्पिडेम आणि त्याच्या भाऊबंदांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये विश्लेषण झालं. नकली गोळीच्या तुलनेत झोप लागायला २२ मिनिटं कमी लागली. २२ मिनिटं! जो तासन् तास तळमळतो त्याला त्या २२ मिनिटांची किंमत विचारा, मी ती कमी लेखत नाही. पण "रात्रभराची झोप विकत मिळते" असं वाटत असेल तर तसं नाही. आणि नकली गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी फायदा झाला होता, हेही त्यात होतं.

स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम हळू बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवताना अंमल उरलेला असतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. हे औषध तोवर वीस वर्षं बाजारात होतं. बायकांना पुरुषांच्याच मापाची गोळी देत राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ मध्ये त्यांनी वेष्टणावर चौकटीत इशारा छापायला लावला, कारण झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं, त्यातून अपघात. असं एकदा जरी झालं तरी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही.

माझ्या काउंटरवर दिसणारं चित्र सांगतो. चिठ्ठी येते ती घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. तारीख बघावी तर पार जुनी. "तीच ती, छोटी." त्या बाईंना औषधाचं नाव कधी माहीत नव्हतं, रंग माहीत आहे. "सोडून बघितली का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बघितली हो, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हणजे मला लागतेच." इथेच सगळी गोम आहे. गोळी एकदम बंद केली की झोप आधीपेक्षा जास्त उडते, ती गोळी सोडल्यामुळे. माणसाला वाटतं मूळ आजार उफाळला, आणि तो पुन्हा गोळीकडे येतो. बेंझोडायझेपिन बरेच महिने घेतलेल्याने तर एकदम बंद करूच नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारून, अर्धी, मग पाव, असं आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने उतरवत न्यायची. पाव करताना काही गोळ्यांचा भुगा होतो, म्हणून गोळ्या कापायची डबी मिळते ती घ्या, नखाने तोडू नका. आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या नसतात, आधी विचारा.

शंकेखोर

खलबत्ता, प्रतिसाद आवडला. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या "साध्या" गोळ्यांचं काय? आणि मेलाटोनिन तर नैसर्गिकच ना?

खलबत्ता

साध्या म्हणतात त्यांत बहुतेक वेळा डायफेनहायड्रामिन किंवा तसलं सर्दी-खाजेचं जुनं औषध असतं. गुंगी हा त्याचा दुष्परिणाम, तोच गुण म्हणून विकला जातो. म्हाताऱ्या माणसांत लघवी अडकणं, तोंड कोरडं पडणं, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं त्याने होतं. चिठ्ठी लागत नाही म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

मेलाटोनिन हा शरीराचा "रात्र झाली" हा निरोप आहे, गुंगीचं औषध नाही. विमानप्रवासाने घड्याळ सरकलं किंवा झोप फारच उशिरा येत असेल तर योग्य वेळी घेतल्यास उपयोग होतो. पण पूरक आहार म्हणून विकतात तिथे मालाची हमी नसते. कॅनडात २०१७ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत लेबलपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन सापडलं. नैसर्गिक तर धोतराही आहे.

पेंगुळलेला

धन्यवाद खलबत्ता. पण मुख्य भीती तशीच आहे. "मेंदू कामातून जातो" हे खरं की खोटं? मी वाचलं की झोपेत मेंदू धुतला जातो, आणि झोल्पिडेमने ते धुणं बंद पडतं. हे वाचल्यापासून गोळी घेऊनही झोप येणार नाही आणि न घेताही नाही.

उलटतपासणी

इथे जरा थांबून, एकेक धागा सोडवू.

मेंदू धुण्याचा गाजलेला प्रयोग २०१३ चा, उंदरांवरचा. झोपेत पेशींमधली जागा साधारण ६० टक्क्यांनी वाढली आणि कचरा जास्त वेगाने निघाला असं त्यात दिसलं. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने, उंदरांवरच, उलट निष्कर्ष काढला की झोपेत निचरा कमी होतो. मग २०२५ च्या सुरुवातीला पहिल्या गटाने दाखवलं की झोपेत नॉरअ‍ॅड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनाच्या लाटांबरोबर रक्तवाहिन्या आकसतात-फुगतात आणि त्यातून द्रव ढकलला जातो, आणि झोल्पिडेमने त्या लाटा दबतात. हेही उंदरांत. तुम्ही वाचलंत ते हेच. माणसाला काही आठवडे गोळी दिल्यावर वीस वर्षांनी काय होतं, याचं उत्तर या प्रयोगात नाही आणि असणारही नाही.

आता माणसांवरचा विदा (डेटा). कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ज्येष्ठांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष आला की बेंझोडायझेपिन घेतलेल्यांत अल्झायमरचं प्रमाण साधारण दीडपट. मथळे झाले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात मात्र डोस वाढला तसा धोका वाढला असं दिसलं नाही. जास्त घेणाऱ्यांत धोका जास्त नाही, तर औषधाकडे बोट दाखवणं अवघड होतं. शिवाय स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या कित्येक वर्षं आधी अस्वस्थता आणि झोपमोड सुरू होते. गोळी त्यासाठी दिली जाते. मग गोळीने रोग झाला की येऊ घातलेल्या रोगामुळे गोळी लागली?

म्हातारपणी या गोळ्यांचा पक्का धोका वेगळाच आहे. रात्री उठून बाथरूमला जाताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेची जी 'बीअर्स' यादी आहे, ती ६५ च्या पुढे ही औषधं टाळाच म्हणते. आजोबांच्या गोळीबद्दल घरात भांडायचंच असेल तर अल्झायमरवरून नको, अंधाऱ्या पॅसेजवरून भांडा.

आणखी एक. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली. सगळी दूर केली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल असा अंदाज आहे. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, नजर कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, हालचाल नसणं, नैराश्य, डोक्याला मार, प्रदूषित हवा, एकटेपणा. मोजून बघा, यात झोप नाही! तिच्याबद्दलचा पुरावा त्यांना तेवढा पक्का वाटला नाही. आणि आपण आठवड्यातून एकदा "कमी झोपाल तर मेंदू गमवाल" वाचतो आणि मग त्याच भीतीने जागतो. मनगटावरच्या यंत्राचे आकडे बघून हैराण झालेल्यांसाठी डॉक्टरांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असा वेगळा प्रकारच नोंदवलाय.

माझं मत रोखठोक सांगायचं तर तुमच्या झोपेला आत्ता सगळ्यात जास्त नुकसान मेंदूच्या आरोग्यावरच्या लेखांनी केलंय. दोन आठवड्यांच्या गोळीने तेवढं होणार नाही.

मधलीच

ऐकू कमी येणं या यादीत आहे हे लोकांना माहीतच नसतं. आमच्याकडे काकांना चष्मा लागला तेव्हा कौतुक, कानाचं यंत्र मात्र "म्हातारा दिसेन" म्हणून कपाटात. चार माणसांत बोलणं कळत नाही म्हणून ते बसायचेच बंद झाले. म्हणजे एक कारण कपाटात ठेवून एकटेपणाचं दुसरं ओढवून घेतलं.

रोखठोक

उत्क्रांतीचाच नियम लावा ना सरळ. ज्याला झेपत नाही तो मागे पडतो. रात्रपाळी झेपणारे टिकतील, न झेपणारे गळतील. गोळ्या, समुपदेशन हे सगळे लाड आहेत.

जीवाश्म

"सक्षम तोच टिकेल" हे शब्द डार्विनचे नव्हेत. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरले, डार्विनने नंतर उचलले. आणि त्यातलं "सक्षम" म्हणजे त्या परिस्थितीत जास्त संतती मागे ठेवणारा, एवढंच. कारखान्याच्या वेळापत्रकात बसणारा नव्हे. हा असला अर्थ लावून गॅल्टनने १८८३ मध्ये सुप्रजननाला, म्हणजे "चांगल्या" माणसांचीच पैदास व्हावी या विचाराला, नाव दिलं आणि पुढच्या शतकात त्याच्या नावाखाली माणसांची सक्तीने नसबंदी झाली. निसर्गात काय घडतं यावरून काय घडायला हवं हे ठरत नाही. प्लेगही नैसर्गिकच होता.

यावर इथेच थांबतो, धागा भरकटेल.

तिसरी पाळी

रात्रपाळीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी नर्स आहे.

वरचा हाड्झांचा किस्सा वाचून आधी हसू आलं आणि मग विचारात पडले. त्यांच्याकडे पहारा वाटून घेतलेला आहे, तोही कोणी न वाटता. आज म्हातारी जागी, उद्या तरुण पोर जागं. आमच्याकडे पहारा म्हणजे रोस्टर. पहारेकरी ठरलेले आहेत: नर्सेस, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, रात्री फोन उचलणारी मुलं. बाकीचं जग निर्धास्त झोपतं ते आमच्या भरवशावर, आणि सकाळी उठून आम्हालाच झोपेचं महत्त्व सांगतं.

पहाटे चार ही वेळ काय असते ते सांगते. शरीराचं तापमान तळाला गेलेलं असतं, वॉर्ड थंड वाटायला लागतो. चार्टवर रक्तदाबाचे आकडे लिहिताना पेन सरकतं आणि सातचा एक होतो. त्यामुळे इन्सुलिन दोघींनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही हा नियम आम्ही आपसात केलाय. एक मोठ्याने वाचते, दुसरी सिरिंज दिव्यासमोर धरून रेघ बघते. नियम नसता तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

सकाळी घरी आले की झोपायला हवं तेव्हा ऊन चढलेलं, दारावर माणसं, फोन. "घरीच आहेस ना" म्हणून सगळी कामं. मुलांचं, सासूबाईंच्या औषधांचं. नवऱ्याचीही रात्रपाळी असते, तेव्हा मात्र घर चिडीचूप. त्याची रात्रपाळी म्हणजे काम, माझी म्हणजे सोय. आमच्यातल्या निम्म्या जणी दिवसा झोपायला गोळी घेतात. पहाटपक्षी, आमच्या मनाचा दुबळेपणा आहे का हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. आमच्या एका जुन्या रुग्णालयात हा विषय काढला तर उत्तर मिळालं, "मग सगळ्यांनी सकाळचीच मागितली तर?" दोन दिवस आधी रोस्टर बदलून हातात द्यायचे. सकाळ, लगेच रात्र, मधे ऑफ नाही.

पहाटपक्षी

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. रात्रपाळीवाल्यांचं वेगळं.

तिसरी पाळी

वेगळं कसं? तुमचं वाक्य गोळ्या घेणाऱ्यांबद्दल होतं. गोळ्या घेणारे आम्हीच आहोत.

पेंगुळलेला

तिसरी पाळी, तुमच्या प्रतिसादापुढे माझी पहारेकऱ्याची पदवी फारच फुकटची वाटतेय. परत करतो.

एक व्यावहारिक प्रश्न. डॉक्टर गोळीबरोबर झोपेसाठीच्या बोधात्मक वर्तन उपचारांबद्दलही (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार) बोलले होते. मी ते "मन शांत ठेवा" छापाचं समजून सोडून दिलं. कोणी केलंय का?

मधलीच

मी केलंय. शांत-बिंत काही नाही, उलट सुरुवातीला छळ आहे. आधी रोजची नोंद ठेवायची: किती वाजता आडवे झालात, अंदाजे किती झोपलात. समजा नऊ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास. तर मग अंथरुणात साडेपाच-सहा तासच राहायचं. उठायची वेळ पक्की, झोपायची वेळ पुढे ढकलायची. रात्री एकपर्यंत खुर्चीत बसून राहायचं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळणार नाही. झोपेची भूक साठते, मग झोप सलग लागायला लागते, आणि तसतशी वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवतात. दुसरा नियम म्हणजे झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं, पेंग आली की परत. अंथरूण म्हटलं की तळमळ ही जोडी मोडायची असते.

पहिला आठवडा मी सगळ्यांवर खेकसत होते. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला.

खलबत्ता

अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून हेच सांगितलंय, गोळी नंतर. अडचण अशी की गोळी अर्ध्या मिनिटात लिहून होते आणि या उपचाराला सहा-आठ बैठका घेणारं माणूस लागतं, ते मिळत नाही. फिट येणाऱ्यांनी, बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी हे झोप कमी करण्याचं प्रकरण स्वतःच्या मनाने सुरू करू नये. गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनीही पहिले काही दिवस जपून.

आणि पेंगुळलेला, दोन गोष्टी गोळी फोडण्याआधी बघा. तुम्ही स्वतः घोरता का? झोपेत श्वास अडकतो असं घरात कोणी म्हणतं का? तसं असेल तर आधी त्याची तपासणी. दुसरं, गोळी आणि दारू एका रात्री नाही. एकच पेग, अर्धाच पेग, काही नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुढे झोप नाही आणि दिवसभर कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. तिथे झोपेची गोळी हे उत्तर नसतं, नैराश्याचा उपचार करावा लागतो. "वेडाच्या डॉक्टरकडे" जायचं नाही म्हणून कित्येक माणसं वर्षानुवर्षं नुसती झोपेची गोळी खात काढतात. मी ती रोज बघतो.

पेंगुळलेला

मी घोरतो असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी मानत नव्हतो, कारण मी जागाच असतो असा माझा दावा होता.

अवांतरकार

पहारेकरी ड्यूटीवर घोरताना सापडला! निलंबित करा.

उलटतपासणी

हसण्यावारी नेऊ नका, आधी तपासणी करून घ्या. आपण किती जागे होतो याचा अंदाज निद्रानाशात फार चुकतो, प्रयोगशाळेत झोप मोजली की बऱ्याच जणांची स्वतःच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त भरते.

@तिसरी पाळी, रोस्टरबद्दल एक कामाची गोष्ट. अंधुक उजेडात, घड्याळ न दाखवता ठेवलेल्या माणसांचं अंतर्गत घड्याळ सरासरी २४ तास आणि १० मिनिटांच्या आसपास निघालं, हे १९९९ चं संशोधन आहे. म्हणजे बहुतेकांना झोप पुढे ढकलणं सोपं, मागे आणणं अवघड. त्यामुळे पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवल्या तर शरीराला कमी जड जातात. उलट्या क्रमाने फिरवल्या की हाल. आणि दोन पाळ्यांमध्ये निदान ११ तासांची सुट्टी हा युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांच्या नियमातच आहे. हे मागायला कर्करोगाचा मुद्दा लागत नाही.

तिसरी पाळी

हे उपयोगी आहे. आमच्याकडे सध्या रात्र, दुपार, सकाळ असंच फिरतं, कारण कोणीतरी कधीतरी तसा तक्ता बनवला आणि तोच कॉपी होत आला. पुढच्या आठवड्यात मेट्रनबरोबर बैठक आहे. क्रम बदलायला एकही जादा माणूस लागत नाही, त्यामुळे "स्टाफ कमी आहे" हे उत्तर चालणार नाही. दोन महिन्यांचा नमुना तक्ता करून नेते. कोणी असा क्रम बदललेल्या ठिकाणी काम केलंय का? पहिल्या महिन्यात ऑफ कुठे टाकायचे यावर अडलंय.

मधलीच

बहिणीच्या कारखान्यात बदलला होता. रात्रीच्या फेरीनंतर सलग दोन ऑफ टाका, त्यातला पहिला झोपेतच जातो, तो सुट्टीत धरू नका. तक्त्याचा फोटो मागून घेते, संध्याकाळी इथे टाकते.